अमेरिकेतल्या छोट्या गावांची कंट्री रेडिओ स्टेशन्स – कशी उभी राहिली आणि कुठे गेली?

रानपाखरू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढला. मी नॉर्थ कॅरोलायनात राहते आणि ब्लू रिज डोंगरांच्या बाजूला गाडीने जाताना ७४० एएमवर डब्ल्यूपीएक्यू नावाचं स्टेशन लागतं. माउंट एअरी नावाचं गाव, वस्ती जेमतेम दहा हजार. आणि हे स्टेशन २ फेब्रुवारी १९४८ पासून चालू आहे, राल्फ एपर्सन म्हणून तिथल्याच एका माणसाने सुरू केलं. शनिवारी 'मेरी-गो-राउंड' हा त्यांचा लाइव्ह कार्यक्रम असतो, आसपासचे बँजो-फिडलवाले येऊन वाजवतात आणि तोसुद्धा जवळपास स्टेशनइतकाच जुना आहे. मधेच निधनवार्ता, मधेच चर्चच्या जेवणाची सूचना, परत गाणं.

पण तिथून शंभर मैल पुढे गेलं की डायलवर जी कंट्री (म्हणजे अमेरिकन ग्रामीण संगीताची) स्टेशन्स लागतात ती सगळी एकसारखी. तीच वीस-तीस गाणी, निवेदक कुठल्या राज्यात बसलाय काही पत्ता लागत नाही.

तर माझे प्रश्न असे, की १९४८ साली एवढ्याशा गावाला रेडिओ स्टेशन परवडलंच कसं? तिथे कंट्रीच का वाजायला लागलं? आणि अशी गावोगावची स्टेशन्स होती ती गेली कुठे? विकिपीडियावर तुकडे तुकडे मिळतात पण सलग गोष्ट हाती लागत नाहीये. ज्यांना माहिती आहे त्यांनी भरभरून लिहा प्लीज, लांब प्रतिसाद चालतील, उलट आवडतील.

---

डोंगरवाट

छान विषय काढलात! मला यातला सुरुवातीचा काळ सगळ्यात आवडतो म्हणून तिथूनच लिहितो.

कंट्री संगीत रेडिओवर आलं ते कलेच्या प्रेमापोटी नाही, माल विकायला आलं, हे आधी लक्षात घ्या म्हणजे पुढचं सगळं नीट लागतं. पिट्सबर्गचं केडीकेए १९२० च्या नोव्हेंबरात निवडणुकीचे निकाल सांगत सुरू झालं, १९२२ मध्ये अटलांटाच्या डब्ल्यूएसबीवर फिडलिन जॉन कार्सन वाजवायला लागला, आणि जानेवारी १९२३ मध्ये फोर्ट वर्थच्या डब्ल्यूबीएपीने पहिला बार्न डान्स, म्हणजे गावाकडच्या नाचगाण्यांचा, कार्यक्रम केला. लोकांची पत्रांवर पत्रं आली. मग व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं की शेतकऱ्याच्या घरात शिरायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. शिकागोचं डब्ल्यूएलएस सीअर्स या दुकानाचं, त्यांचा नॅशनल बार्न डान्स एप्रिल १९२४ पासून. नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम एका विमा कंपनीचं, नॅशनल लाइफ अँड अ‍ॅक्सिडेंट. तिथला बार्न डान्स १९२५ च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि दोन वर्षांनी त्याचं नाव ग्रँड ओल ऑप्री पडलं. त्या कंपनीचे एजंट खेड्यापाड्यात दारोदार जाऊन हप्ते गोळा करायचे, आणि दार उघडायला ऑप्रीचा विषय काढला की काम सोपं व्हायचं.

ही झाली मोठ्या शहरांतली. पण तुम्ही छोट्या गावांचं विचारलंय तर आयोवातल्या शेननडोआ गावाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. काही हजार वस्तीचं गाव आणि तिथे एक सोडून दोन रेडिओ स्टेशन्स! दोन्ही बियाणं विकणाऱ्यांची. हेन्री फील्डने १९२४ मध्ये केएफएनएफ काढलं, ते बघून अर्ल मे याने १९२५ मध्ये केएमए काढलं, आणि दोघे स्वतः माइकवर बसून मका कधी पेरायचा, कोंबडीची पिल्लं कशी जगवायची असं सांगायचे आणि त्याच दमात आपला माल विकायचे. मधल्या वेळात गाणी, ती पण गावातल्याच लोकांची. अर्ल मेने तर कार्यक्रम बघायला येणाऱ्यांसाठी थिएटरच बांधलं, लांबलांबून शेतकरी गाड्या काढून यायचे. पुढे १९४० च्या दशकात याच केएमएवर आइक एव्हर्ली बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन सकाळी गायचा. ती दोन मुलं म्हणजे पुढे गाजलेली गायक जोडी एव्हर्ली ब्रदर्स. म्हणजे बियाणांच्या दुकानाच्या रेडिओवर ही मुलं हार्मनी शिकली.

साउथ डकोटातल्या यँक्टनला पण तसंच, डब्ल्यूएनएएक्स हे गर्नी बियाणं कंपनीकडे होतं. दक्षिणेत हेच काम पिठाच्या कंपन्यांनी केलं. टेक्सासमधल्या एका गिरणीच्या पिठाची जाहिरात करायला लाइट क्रस्ट डोबॉइज हा बँड उभा राहिला आणि तो कार्यक्रम चालवणारा ओडॅनियल त्या लोकप्रियतेवर १९३८ मध्ये टेक्सासचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. मार्था व्हाइट पिठाने पुढे फ्लॅट आणि स्क्रग्ज या गायक-वादक जोडीला पोसलं.

आणखी एक. १९३० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या शेतघरांपैकी साधारण दहातल्या एकाच घरात वीज होती. लोक बॅटरीवर रेडिओ चालवायचे, गाडीची बॅटरी काढून आणायचे. इतकी खटपट करून लोक ऐकणार काय, तर बाजारभाव, हवामान आणि आपल्या ओळखीचं गाणं. कंट्री का, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

---

आयनोस्फीअर

'परवडलं कसं' याचं तांत्रिक उत्तर मी देतो, ते फार कुणी सांगत नाही.

युद्धात १९४२ पासून नवीन स्टेशनं बांधायला बंदीच होती. युद्ध संपलं, बंदी उठली, आणि सैन्यात रेडिओ शिकून आलेली हजारो पोरं गावी परतली. १९४५ मध्ये अख्ख्या अमेरिकेत हजाराच्या आत एएम स्टेशनं होती, १९५० पर्यंत दोन हजारांच्या वर गेली. तुमचं १९४८ चं डब्ल्यूपीएक्यू बरोबर याच लाटेतलं.

आता एवढी स्टेशनं बसवली कुठे? दोन युक्त्या होत्या. पहिली म्हणजे लोकल चॅनेल, १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५०, १४९० या सहा फ्रिक्वेन्सी खास छोट्या स्टेशनांसाठी. पॉवर फक्त २५० वॅट, म्हणजे दोन-तीन मोठ्या बल्बांइतकी. पुढे १,००० ची परवानगी मिळाली. देशभर शेकडो स्टेशनं या सहा आकड्यांवर दाटीवाटीने बसलेली, एकमेकांपासून पुरेसं अंतर राखून. एक टॉवर, एक छोटा ट्रान्समीटर, दोन टर्नटेबल आणि एक माइक एवढ्यात काम भागायचं.

दुसरी युक्ती डेटायमर. फक्त दिवसा चालायचं, सूर्य मावळला की बंद. कारण असं, की दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातल्या आयनोस्फीअरचा खालचा थर एएमच्या लहरी शोषून घेतो त्यामुळे सिग्नल जमिनीलगतच पसरतो. रात्री तो थर नाहीसा होतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल लांब पडतात. मग छोटं स्टेशन लांबच्या मोठ्या स्टेशनच्या सिग्नलमध्ये घुसतं. डब्ल्यूएसएमचे ६५० वरचे ५०,००० वॅट रात्री अर्ध्या देशात ऐकू यावेत म्हणून कित्येक गावच्या स्टेशनांनी संध्याकाळी गप्प बसायचं, असा नियम. डिसेंबरात पाचच्या सुमाराला बंद आणि जूनमध्ये रात्री साडेआठला, साइन-ऑफची वेळ दर महिन्याला बदलायची.

याचा संगीतावर झालेला परिणाम बघा. डेटायमर स्टेशनचं सगळं आयुष्य पहाटे ते संध्याकाळ, म्हणजे शेतकरी, गिरणी कामगार, स्वयंपाकघरातल्या बायका आणि दुपारी जेवायला घरी आलेले लोक. रात्रीची नाटकं, शहरी ऑर्केस्ट्रा वगैरे त्यांच्या वाट्याला आलंच नाही. मग सकाळी सहाचा कंट्री शो आणि दुपारचा बाजारभाव हाच कणा झाला.

आणि जमिनीचा पण वाटा आहे. काळ्या ओलसर मातीत एएमचा सिग्नल लांब जातो, खडकाळ डोंगरात लवकर मरतो. यँक्टनचं डब्ल्यूएनएएक्स ५७० वर फक्त ५,००० वॅटने पाच-सहा राज्यांत ऐकू येतं, फ्रिक्वेन्सी खालची आणि माती प्रेअरीची म्हणून. अ‍ॅपलाचियाच्या (पूर्व अमेरिकेतल्या) डोंगरात तेवढ्याच पॉवरला दोन-तीन दऱ्या ओलांडणं मुश्कील, म्हणूनच तिथे दर खोऱ्याला स्वतःचं स्टेशन लागलं.

---

रानपाखरू

बापरे, काय माहिती आहे! शेननडोआचं मला काहीच माहीत नव्हतं. आणि सूर्यास्ताला बंद व्हायचं हे तर भारीच आहे.

मग या स्टेशनांत रोजचा दिवस कसा जायचा? गाणाऱ्यांना पैसे कोण द्यायचं? आणि डीजे म्हणजे नेमकं काय करायचा?

---

सुरपेटी

पैसे? बहुतेक वेळा कुणीच द्यायचं नाही. :)

ब्रिस्टल हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या हद्दीवर आहे, १९२७ मध्ये राल्फ पीअरने तिथे कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स या सुरुवातीच्या कंट्री कलाकारांचं रेकॉर्डिंग केलं ते हेच. तिथे १९४६ मध्ये डब्ल्यूसीवायबी सुरू झालं आणि दुपारच्या 'फार्म अँड फन टाइम' कार्यक्रमात स्टॅन्ली ब्रदर्स, थोड्या काळाने फ्लॅट आणि स्क्रग्ज वाजवायचे. त्यांची कमाई रेडिओतून नाही तर रेडिओवर 'आज रात्री अमुक शाळेत आमचा कार्यक्रम' असं सांगून व्हायची. दुपारी स्टेशनवर वाजवायचं, संध्याकाळी गाडीच्या टपावर डबल बास बांधून पन्नास-शंभर मैल दूर एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये तिकीट लावून कार्यक्रम, रात्री परत, सकाळी पुन्हा तेच. गाण्यांची छापील पुस्तकं आणि फोटो पोस्टाने विकायचे. एका भागातली सगळी गावं करून झाली, लोकांनी दोनदोनदा बघितलं, की बँड उठून दुसऱ्या राज्यातल्या स्टेशनवर जायचा. ब्लूग्रास (बँजो-फिडलवरचं वेगवान कंट्री) इतक्या झपाट्याने पसरलं त्यात या भटकंतीचा मोठा हात आहे असं मला मनापासून वाटतं.

डीजे हा प्रकार रेकॉर्ड स्वस्त आणि मुबलक झाल्यावर वाढला. छोट्या स्टेशनवर डीजे म्हणजे सगळंच, म्हणजे पहाटे कुलूप उघडणार, ट्रान्समीटर तापवणार, बातम्या वाचणार, दुपारी गावात फिरून हार्डवेअरवाल्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला जाहिरात विकणार, आणि परत येऊन तीच जाहिरात स्वतःच्या आवाजात वाचणार. विली नेल्सनने हेच केलंय. टेक्सासमधल्या प्लेझंटन या लहान गावात केबीओपी स्टेशनवर, नंतर वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरला केव्हीएएनवर. वेलन जेनिंग्ज पोरवयात आपल्या लिटलफील्ड गावच्या केव्हीओडब्ल्यूवर होता. डॉली पार्टन दहाएक वर्षांची असताना नॉक्सव्हिलला कॅस वॉकर या किराणा दुकानदाराच्या कार्यक्रमात गात होती, परत तेच बघा, दुकानदार!

आणि लॉरेटा लिनचं तर माहीतच असेल. १९६० मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, कंपनी अगदीच लहान, जाहिरातीला पैसा नाही. मग ती आणि तिचा नवरा गाडी काढून निघाले, टॉवर दिसला की थांबायचं, आत जाऊन डीजेला सांगायचं की माझं गाणं लावा. आणि लावायचे! ती रेकॉर्ड बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत चौदाव्या नंबरापर्यंत गेली. आज तुम्ही टॉवर बघून थांबलात तर आत कुणी माणूस सापडेलच असं नाही, आणि सापडला तरी काय वाजवायचं हे त्याच्या हातात नसतं. मला हा फरक सगळ्यात जास्त लागतो.

रोजच्या दिवसाचं विचारलंत तर पहाटे गॉस्पेल (चर्चची भक्तिगीतं) आणि शेतीभाव, सकाळी कंट्री, मग स्वॅप शॉप, म्हणजे लोक फोन करून सांगणार की माझ्याकडे जुना फ्रीज आहे, कुणाला वासरू हवंय का, वगैरे. हा कार्यक्रम कित्येक स्टेशनांत गाण्यांपेक्षा जास्त ऐकला जायचा. दुपारी निधनवार्ता, शुक्रवारी रात्री चालू असणाऱ्या स्टेशनवर हायस्कूल फुटबॉल, रविवारी चर्च.

---

डोंगरवाट

सुरपेटी, मस्त लिहिलंय. फक्त एक जोडतो. एक पैशांचं भांडणही या संगीताच्या पथ्यावर पडलं. तोवर गाण्यांचे हक्क बहुतेक एएससीएपी या संस्थेकडे होते आणि तिने रेडिओकडे जास्त पैसे मागितले. स्टेशनवाल्यांनी १९३९ मध्ये स्वतःची संस्था काढली, बीएमआय, आणि १ जानेवारी १९४१ पासून बहुतेक स्टेशनांनी एएससीएपीची गाणी वाजवणंच थांबवलं. जुन्या संस्थेने कंट्री आणि ब्लूज लिहिणाऱ्यांना फारसं दारात उभंच केलं नव्हतं, ते सगळे बीएमआयकडे आले. हे झालं नसतं तर गावागावच्या गीतकारांना रॉयल्टीचा पैसा कधी दिसला असता देव जाणे.

आणि चोवीस तास नव्हे पण दिवसभर फक्त कंट्री हे बरंच उशिरा आलं. लबकचं केडीएव्ही, १९५३, याला पहिलं पूर्णवेळ कंट्री स्टेशन म्हणतात. तोवर सगळीकडे मिसळ असायची. मग रॉक अँड रोल आलं आणि कंट्रीला जागाच उरेना, तेव्हा १९५८ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशन स्थापन झाली आणि त्यांनी जाहिरातदारांना पटवायचं काम हाती घेतलं. त्यांच्या मोजणीत १९६१ मध्ये ८१ पूर्णवेळ कंट्री स्टेशनं होती, १९६९ मध्ये ६०६.

---

मिहिर_के

आता 'गेली कुठे' बद्दल. एका शब्दात १९९६.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्टवर सही झाली. तोवर एका मालकाला देशभरात ४० च स्टेशनं ठेवता यायची. नव्या कायद्याने देशपातळीवरची मर्यादा काढूनच टाकली, आणि काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनल या कंपनीकडे बाराशेच्या आसपास स्टेशनं जमा झाली. एवढी स्टेशनं विकत घ्यायला काढलेलं कर्ज फेडायचं तर खर्च कापायचा, आणि रेडिओत खर्च म्हणजे माणसं. व्हॉइस ट्रॅकिंग आलं, म्हणजे लांबच्या शहरात बसून एकच निवेदक दहा गावांसाठी तुकडे रेकॉर्ड करून ठेवतो, गावाचं नाव तेवढं बदलून.

नॉर्थ डकोटातल्या मायनॉटची घटना वाचा. १८ जानेवारी २००२, मध्यरात्रीनंतर रेल्वेगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग गावावर आला. एक माणूस गेला, शेकडो लोकांना त्रास झाला. गावातली सहाच्या सहा व्यावसायिक स्टेशनं एकाच कंपनीची होती, पोलिसांनी फोन लावले तर उचलायला कुणी नाही. कंपनीचं म्हणणं होतं की पोलिसांनी इमर्जन्सी यंत्रणाच नीट वापरली नाही, आणि त्यात तथ्यही असेल, पण लोक अंधारात रेडिओ लावून बसले होते आणि त्यांना काय करावं हे कुणी सांगत नव्हतं एवढं खरं. त्यानंतरही २०१७ मध्ये एफसीसीने (रेडिओला लायसन्स देणारं सरकारी खातं) मेन स्टुडिओचा नियम रद्द केला. म्हणजे स्टेशन ज्या गावाचं आहे तिथे किंवा जवळपास स्टुडिओ पाहिजे ही अटसुद्धा गेली. मला हे अक्षम्य वाटतं.

---

शरयू

मिहिर, मायनॉटबद्दल पूर्ण सहमत. पण सगळं १९९६ वर ढकलायला मी तयार नाही, आणि जुन्या काळाचं जरा जास्तच गोड चित्र उभं राहतंय म्हणून लिहिते.

एक तर पडझड आधीच सुरू झाली होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीला एफएमचे श्रोते एएमपेक्षा जास्त झाले, आणि गावातलं जुनं स्टेशन बहुतेक एएमच. १९८१ मध्ये सॅटेलाइटवरून तयार कार्यक्रम मिळायला लागले, डिश लावा आणि चार माणसं कमी करा. १९८२ मध्ये लायसन्स तीन वर्षं तरी ठेवायलाच पाहिजे हा नियम काढला, लगेच स्टेशनांची खरेदी-विक्री हा धंदा झाला. १९८३ मध्ये एफसीसीने शेकडो नवीन एफएम जागा काढल्या, कागदावर त्या छोट्या गावांच्या नावाने, पण त्यातल्या कित्येकांनी टॉवर शेजारच्या शहराकडे सरकवले. आणि याच काळात मिडवेस्टमध्ये शेती संकट, लोकांच्या जमिनी लिलावात गेल्या. गावातलं हार्डवेअर, कापडाचं दुकान, ट्रॅक्टरची एजन्सी बंद झाली. सुरपेटीने वर लिहिलंय ना की डीजे दुपारी जाहिराती विकायला बाहेर पडायचा, तर विकायला दारंच उरली नाहीत. १९९६ च्या कायद्याने जे उचललं ते आधीच कर्जात बुडालेलं होतं.

दुसरं म्हणजे स्थानिक मालक असला म्हणजे सगळं चांगलंच असायचं असं नाही. कॅन्ससमधल्या मिलफर्ड या चिमुकल्या गावात डॉ. ब्रिंकलीचं केएफकेबी होतं, १९२३ पासून. पुरुषांना बोकडाच्या ग्रंथी बसवायचा आणि रेडिओवर पत्रं वाचून न तपासताच औषधं सांगायचा, त्या औषधांत त्याचं कमिशन. लोक मेले त्याच्यामुळे. १९३० मध्ये लायसन्स गेलं तर मेक्सिकोच्या हद्दीत व्हिया अकुन्याला प्रचंड ताकदीचं स्टेशन काढलं. आणि त्याच स्टेशनवर १९३८ पासून कार्टर फॅमिली गात होती, त्यांचं संगीत सगळ्यात लांब पोचलं ते या भोंदूच्या टॉवरवरून. मला ही गोष्ट कायम अस्वस्थ करते.

काळ्या वादकांचं बघा. डीफोर्ड बेली ऑप्रीच्या पहिल्या काही वर्षांतला सगळ्यात लोकप्रिय वादक, हार्मोनिकावाला, १९४१ मध्ये त्याला काढलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशच्या दुकानावर काढली. फिडल आणि बँजो दोन्हींत काळ्या लोकांचा केवढा वाटा, पण गावच्या 'कंट्री' कार्यक्रमात त्यांना जागा नव्हती. आणि १९७५ मध्ये लॉरेटा लिनने गर्भनिरोधक गोळीवर गाणं केलं तेव्हा वाजवायला नकार देणाऱ्यांत हीच गावची स्टेशनं होती. फरक एवढाच की तेव्हा एकाने नाकारलं तरी पुढच्या गावचा डीजे लावायचा, म्हणून गाणं तरीही चाललं. २००३ मध्ये डिक्सी चिक्स या कंट्री गायिकांच्या गटाच्या बाबतीत एका कंपनीने एका आदेशात आपल्या चाळीसेक कंट्री स्टेशनांवरून त्यांना महिनाभर उतरवलं. माझ्या मते मुद्दा चांगल्या-वाईट मालकाचा नाहीच, मालक किती आहेत याचा आहे.

---

मिहिर_के

शेती संकट आणि १९८२ चा नियम हे मुद्दे मान्य. तरी १९९६ नसतं तर त्यातली निम्मी तरी गावातल्याच कुणीतरी घेतली असती असं मला अजूनही वाटतं. मालक किती आहेत हे मात्र अगदी पटलं.

---

सुरपेटी

सगळंच गेलं असं समजू नका हो. केंटकीत व्हाइट्सबर्गला डब्ल्यूएमएमटी आहे, १९८५ पासून, अ‍ॅपलशॉप या संस्थेचं. गावातलेच लोक स्वयंसेवक म्हणून कार्यक्रम करतात, आणि तुरुंगात असलेल्यांसाठी घरच्यांचे निरोप प्रसारित करतात. २०२२ च्या जुलैच्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं तरी परत उभे राहिले. टेनेसीतलं डब्ल्यूडीव्हीएक्स १९९७ मध्ये एका कॅम्पर गाडीतून सुरू झालं, अक्षरशः. आणि लो पॉवर एफएम, १०० वॅटची ना-नफा स्टेशनं, २००० पासून परवानगी आहे आणि २०११ च्या सुरुवातीला कायदा आला त्यानंतर खूप वाढली. तुमच्या डब्ल्यूपीएक्यूचे राल्फ एपर्सन २००६ मध्ये गेले, पण स्टेशन घरातच राहिलं, मुलाने पुढे चालवलं. ते वाचलं त्याचं कारण माझ्या मते हेच.

---

रानपाखरू

किती किती आभार सगळ्यांचे. शरयू, डीफोर्ड बेलीचं वाचून फार वाईट वाटलं, यावर वेगळा धागा काढाच.

आता शेवटचा प्रश्न. एखाद्या गावच्या स्टेशनचा इतिहास मला स्वतः शोधायचा असेल तर सुरुवात कुठून करू?

---

आयनोस्फीअर

एफसीसीच्या हिस्टरी कार्ड्सपासून. १९२७ पासून साधारण १९८० पर्यंत प्रत्येक स्टेशनची कार्डं ठेवली जायची, मालक कधी बदलला, पॉवर किती, टॉवर कुठे हलवला, सगळं टाइप केलेलं आहे आणि स्कॅन करून त्यांच्या साइटवर फुकट ठेवलंय. जुन्या स्टेशनचं अक्षर-नाव बदललेलं असू शकतं म्हणून गावाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या नावाने पण शोधा. मग वर्ल्ड रेडिओ हिस्टरी या साइटवर 'ब्रॉडकास्टिंग इयरबुक'चे जुने अंक आहेत, त्यात दरवर्षी गावानुसार यादी, मॅनेजर कोण, आठवड्याला किती तास कंट्री हे सुद्धा.

त्यानंतर गावच्या लायब्ररीत जाऊन स्थानिक वर्तमानपत्राची मायक्रोफिल्म बघा, स्टेशन सुरू झालं त्या आठवड्यात बहुतेक पानभर जाहिरात असते, आणि त्या पानावर अभिनंदन करणाऱ्या दुकानांची यादी असते. तीच स्टेशनची पहिली गिऱ्हाइकं. आवाज मिळणं मात्र कठीण आहे, कारण छोटी स्टेशनं टेप पुसून परत वापरायची, तरी सोळा इंची ट्रान्सक्रिप्शन डिस्क (रेडिओ कार्यक्रम रेकॉर्ड केलेल्या मोठ्या तबकड्या) कुणाच्या माळ्यावर सापडल्या तर त्या साध्या टर्नटेबलवर वाजवायचा प्रयत्न करू नका, वरचा लॅकरचा थर लगेच सुटतो. चॅपल हिलला सदर्न फोकलाइफ कलेक्शन आहे, तुमच्याच राज्यात, त्यांना आधी फोन करा.